‘पाखंड’ म्हणजे काय? धर्मविरुद्ध मत की ढोंग? अर्थ, इतिहास आणि योग्य वापर

फेसबुकवर एखाद्या बाबांचा व्हिडिओ येतो आणि खाली कमेंट पडते, ‘हा पाखंडी आहे.’ दुसऱ्या पोस्टवर कुणी रूढीवर टीका करतं आणि त्याच्याही खाली कमेंट पडते, ‘हा पाखंडी आहे.’ शब्द एकच आहे, पण पहिल्या ठिकाणी म्हणायचं असतं की हा माणूस ढोंगी आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणायचं असतं की हा धर्माच्या विरुद्ध बोलतोय. मग खरा अर्थ कोणता?

नागपूरकरांना हा गोंधळ जरा जास्त जाणवतो. इथे घराघरांत मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि कारभारात दोन्ही भाषा होत्या. ‘पाखंड’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. शिवाय गेल्या शतकातली धर्मविचाराची सर्वांत मोठी उलथापालथ याच शहरात झाली. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ.

थोडक्यात अर्थ

मराठीत ‘पाखंड’ म्हणजे मान्य धर्ममताच्या किंवा सिद्धांताच्या विरुद्ध जाणारं मत. असं मत मांडणारा तो ‘पाखंडी’. जुन्या मराठीत ‘पाखांड’ आणि ‘पाखांडी’ अशीही रूपं आढळतात. संस्कृतात हाच शब्द ‘पाषंड’ किंवा ‘पाखंड’ असा लिहिला जातो. उत्तर भारतात ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा करण्याची जुनी पद्धत होती, त्यामुळे दोन्ही रूपं रुळली.

हिंदीत मात्र ‘पाखंड’ म्हणजे मुख्यतः ढोंग, आडंबर, आत एक आणि बाहेर एक असं वागणं.

ओळखायची एक सोपी खूण आहे. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे: ‘ते पाखंड’. हिंदीत तो पुल्लिंगी आहे. त्यामुळे मराठी वाक्यात कुणी ‘हा सगळा पाखंड आहे’ असं लिहिलं, तर बहुतेक वेळा तो हिंदीतून आलेला वापर असतो.

वाक्यात वापर

1. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत त्या काळी पाखंड ठरलं.’ इथे अर्थ आहे मान्य सिद्धांताविरुद्धचं मत.
2. ‘गावात पाखंड माजलं आहे.’ धर्माला सोडून मतं पसरली आहेत, अशी तक्रार. हा जुना मराठी वाक्प्रचार आहे.
3. ‘त्यांनी पाखंडखंडनासाठी ग्रंथ लिहिला.’ विरोधी मतं खोडून काढण्यासाठी.
4. ‘पैशासाठी चाललेलं हे पाखंड बंद करा.’ इथे अर्थ आहे ढोंग. हा वापर आज मराठीतही सर्रास ऐकू येतो.

चौथा वापर चूक म्हणता येणार नाही. बोलणारे लोकच शब्दांचे अर्थ बदलत असतात. पण जुना लेख किंवा संतसाहित्य वाचताना हाच अर्थ मनात धरला, तर लेखकाचं म्हणणं उलटंपालटं होतं. ढोंगी माणसाचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास नसतो. जुन्या अर्थाच्या पाखंडी माणसाचा मात्र आपल्या मतावर इतका विश्वास असतो की तो त्यासाठी बहिष्कारही सोसतो.

मूळ अर्थ शिवी नव्हताच

या शब्दाचा सर्वांत जुना ठळक वापर सम्राट अशोकाच्या शिलालेखांत, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सापडतो. तिथे रूप आहे ‘पासंड’ आणि अर्थ आहे फक्त ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’.

सातव्या शिलालेखात अशोक म्हणतो की सर्व पासंडांनी राज्यात सगळीकडे राहावं. बाराव्या शिलालेखात तो सर्व पासंडांचा मान राखायला सांगतो. आपल्या पंथाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा माणूस आपल्याच पंथाचं नुकसान करतो, असा त्या लेखाचा आशय आहे. स्तंभलेखांत बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीवक आणि निर्ग्रंथ म्हणजे जैन, या सगळ्यांसाठी अधिकारी नेमल्याचा उल्लेख आहे. कलिंगचा राजा खारवेल यानेही हाथीगुंफेच्या लेखात स्वतःला सर्व पासंडांची पूजा करणारा म्हणवून घेतलं आहे. तेव्हा राजाने अभिमानाने मिरवावा असा हा शब्द होता.

महाराष्ट्रात अशोकाच्या लेखमालेतल्या आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे नालासोपाऱ्याला मिळाले आहेत. पहिला तुकडा भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये शोधला.

अर्थ कसा बदलला?

पुढे वेदप्रामाण्य मानणाऱ्यांच्या ग्रंथांत हा शब्द ‘वेद न मानणारे पंथ’ अशा अर्थाने येऊ लागला. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाखंड्यांचा शब्दानेही सत्कार करू नये असं सांगितलं आहे. नवव्या अध्यायात राजाने जुगारी वगैरेंबरोबर त्यांनाही नगराबाहेर काढावं असं म्हटलं आहे. अशोकाने ज्यांना ‘सगळीकडे राहा’ म्हटलं, त्यांनाच इथे ‘बाहेर जा’ म्हटलं गेलं.

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात मायामोहाची कथा आहे. विष्णूच्या देहातून निघालेला हा मायामोह असुरांना वेदमार्गापासून दूर नेणारी मतं शिकवतो आणि त्यामुळे असुरांचा पराभव होतो. ही मतं जैन आणि बौद्ध विचारांशी जुळणारी दाखवली आहेत. बुद्ध हा विष्णूचाच अवतार, पण लोकांना भुलवण्यासाठी आलेला, ही कल्पना याच वळणाने पुढे गेली.

मग शब्दाची फोडही अर्थाला साजेशी केली गेली. ‘पा’ म्हणजे वेदधर्माचं पालन आणि त्याचं जो खंडन करतो तो पाखंड, असं सांगितलं जातं. ही फोड नंतर जुळवलेली आहे, कारण अशोकाच्या काळात ‘पासंड’मध्ये वेदांचे अनुयायीसुद्धा येत होते.

अशोकाच्या स्वतःच्या बिरुदाचंही असंच झालं. तो स्वतःला ‘देवानांप्रिय’, म्हणजे देवांचा लाडका, म्हणवत असे. पुढच्या संस्कृत व्याकरणपरंपरेत याच शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला गेला.

मराठीतलं आणखी एक उदाहरण: ‘मानभावी’

वरवर गोड आणि आतून कपटी माणसाला आपण ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द ‘महानुभाव’ या पंथाच्या नावावरून आला. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी प्रवर्तित केलेला हा पंथ. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे त्याचं मोठं केंद्र, आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ याच पंथाने दिला. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे.

महानुभावांनी जातिभेद आणि इतर देवतांची उपासना नाकारली आणि स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. त्यांचे ग्रंथ अनेक शतकं सांकेतिक लिपीत राहिले. बाहेर मात्र त्यांचं नावच ढोंगीपणाचा शब्द बनून गेलं. ‘पाखंड’ आणि ‘मानभावी’ या दोन्ही शब्दांचा प्रवास सारखाच आहे: आधी पंथ, मग चुकीचा पंथ आणि शेवटी ढोंग. वेगळं मत प्रामाणिक असूच शकत नाही, असं गृहीत धरलं की मतभेदाचा शब्द हळूहळू कपटाचा शब्द होतो.

जगातही असंच घडलं

इंग्रजीत पाखंडाला ‘हेरसी’ म्हणतात. त्याचं मूळ ग्रीक ‘हायरेसिस’, म्हणजे ‘निवड’. नंतर त्याला ‘विचारपंथ’ असा अर्थ आला. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस ज्यूंमधल्या वेगवेगळ्या पंथांसाठी तो शब्द निंदा न करता वापरतो. ख्रिस्ती चर्चची अधिकृत मतं ठरत गेली तसा तोच शब्द अपराधाचं नाव झाला. 1633 मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली ती ‘पाखंडाचा प्रबळ संशय’ या ठपक्याखाली.

आपल्या शेजारी गोव्यात 1560 ते 1812, मधली काही वर्षं सोडून, पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय होतं. त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा झालेल्यांवर होता. गुपचूप जुने रीतिरिवाज पाळणारे नवख्रिस्ती त्यात भरडले गेले. 1736 च्या आज्ञापत्रात तर घरगुती चालीरीतींवर बंदी घालणारी लांबलचक यादीच होती. अ. का. प्रियोळकर यांनी या न्यायालयावर सविस्तर संशोधन केलं आहे.

यातून पाखंडाचं एक लक्षण दिसतं. पाखंडी हा ‘आतला’ माणूस असतो. जो मुळात त्या धर्माचा नाही, तो परका. जो आत राहून वेगळं म्हणतो, तो पाखंडी.

मिळतेजुळते शब्द आणि फरक

पाखंड: आत राहून मान्य मताला विरोध.
धर्मांतर: एक धर्म सोडून दुसरा स्वीकारणं.
धर्मत्याग: धर्म सोडणं, मग दुसरा स्वीकारो वा न स्वीकारो.
धर्मनिंदा किंवा ईशनिंदा: देवाचा किंवा पूज्य गोष्टींचा अपमान.
नास्तिक: आजच्या वापरात देव न मानणारा. जुन्या दर्शनांत मात्र वेदांचं प्रामाण्य न मानणारा.
ढोंग किंवा दांभिकपणा: बोलणं एक आणि वागणं दुसरं.
ग्रामण्य: रूढी मोडणाऱ्याविरुद्ध जातीने किंवा समाजाने चालवलेलं बहिष्काराचं प्रकरण.

महाराष्ट्रात ‘पाखंडी’ कोण ठरलं?

आपल्याकडे मतापेक्षा आचारावर जास्त लक्ष असे. मनात काय मानता यापेक्षा कुणाबरोबर जेवता, कुणाच्या हातचं पाणी पिता, यावरून माणूस बाहेर टाकला जाई. म्हणून युरोपातली पाखंडाची कल्पना इथे जशीच्या तशी लागू होत नाही.

तुकाराम महाराजांना वाघोलीच्या रामेश्वरभटांनी विरोध केला आणि त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असं परंपरा सांगते. शूद्राने वेदांचा अर्थ सांगावा, हाच आक्षेप होता. पुढे रामेश्वरभटच त्यांचे भक्त झाले.

स्वामी दयानंद सरस्वतींनी 1867 च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात ‘पाखंड खंडिनी पताका’ उभारली. मूर्तिपूजेसारख्या प्रथा त्यांच्या लेखी पाखंड होत्या. 1875 मध्ये ते पुण्यात आले. न्यायमूर्ती रानडे आणि जोतीराव फुले त्यांच्या मिरवणुकीत सहभागी झाले, तर विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून त्यांची टर उडवली. पाखंडाविरुद्ध झेंडा लावणारा माणूस आठ वर्षांनी स्वतःच पाखंडी ठरवला गेला होता.

1890 चं पुण्याचं पंचहौद मिशन प्रकरण हे ग्रामण्याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. ख्रिस्ती मिशनमध्ये चहा दिला गेला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात वादळ उठलं. रानडे आणि टिळक दोघेही त्यात अडकले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं. सुधारक गोपाळ गणेश आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यात आली.

नागपूर, 1956: शब्द पुन्हा अशोकाकडे

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. दिवस निवडला होता अशोक विजयादशमीचा. ‘पासंड’ शब्द आदराने वापरणाऱ्या राजाची आठवण त्या दिवसाच्या नावातच होती. नागपूर का निवडलं, याचं कारण त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिलं: बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी होती.

त्यांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचं नाकारते. अनेकांना ही प्रतिज्ञा टोकाची वाटते. पण वर सांगितलेली मायामोहाची कथा लक्षात घेतली की तिचा रोख कळतो. ज्या कथेने बुद्धाच्या विचाराला ‘भुलवण्यासाठी शिकवलेलं पाखंड’ ठरवलं, त्या कथेतून बाहेर पडण्याची ती प्रतिज्ञा आहे. अवतार मानणं हा वरवर सन्मान दिसतो. पण त्या कथेत बुद्धाची शिकवण खरी मानलेली नाही.

दीक्षा हे धर्मांतर होतं. पण त्याच वेळी बौद्ध परंपरेच्या आतही एक वेगळं मत मांडलं जात होतं. 13 ऑक्टोबरला नागपुरातच पत्रकारांशी बोलताना बाबासाहेबांनी आपल्या मार्गासाठी ‘नवयान’ हा शब्द वापरला. 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न उभे केले आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, हे पटण्याजोगं आहे का? चार आर्यसत्यं बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि भिक्षू कशासाठी: स्वतःच्या पूर्णत्वासाठी की लोकसेवेसाठी? ग्रंथात गृहत्यागाचं कारण म्हणून शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो.

आर्यसत्यांवर प्रश्न विचारणं हे परंपरेने चालत आलेल्या बौद्ध मताला सोडून होतं, आणि काही पारंपरिक बौद्धांनी तसे आक्षेपही घेतले. शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहिलं तर ते पाखंड म्हणावं लागेल. पण दीक्षाभूमीवर दरवर्षी येणाऱ्या लाखो लोकांसाठी तोच ग्रंथ धम्माचा आधार आहे. पुस्तक तेच आहे. कोणत्या परंपरेत उभं राहून ते वाचता, यावर उत्तर ठरतं.

कायदा काय सांगतो?

भारतात पाखंड हा गुन्हा नाही. संविधानाचं कलम 25 सद्सद्विवेकबुद्धीचं आणि धर्म मानण्याचं स्वातंत्र्य देतं. मान्य मताविरुद्ध बोलणं वेगळं आणि धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने, जाणूनबुजून व दुष्टबुद्धीने अपमान करणं वेगळं. दुसऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 299 आहे (पूर्वीचं 295-अ).

वेगळं मत असलेल्याला समाजाबाहेर टाकता येतं का, हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणं हा त्या संप्रदायाच्या अंतर्गत धर्मव्यवहाराचा भाग आहे, असं बहुमताने ठरलं. 2023 मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

महाराष्ट्राने स्वतंत्रपणे सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. 2016 चा हा अधिनियम जुलै 2017 मध्ये लागू झाला. जातपंचायतीने वाळीत टाकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नास्तिक आणि पाखंडी एकच का?
नाही. जुन्या दर्शनांच्या भाषेत चार्वाक, बौद्ध आणि जैन हे ‘नास्तिक’ होते, कारण ते वेदप्रामाण्य मानत नव्हते. सांख्य आणि मीमांसा यांना जग चालवणाऱ्या ईश्वराची गरज वाटत नव्हती, तरी ती दर्शनं ‘आस्तिक’ गणली गेली. पाखंडी माणूस देवावर गाढ श्रद्धा ठेवणाराही असू शकतो. तुकाराम महाराजांपेक्षा मोठा भक्त कोण दाखवणार?

फसवणाऱ्या बुवाला पाखंडी म्हणावं का?
हिंदी वळणाने लोक म्हणतात आणि अर्थही पोचतो. पण मराठीत त्यासाठी ‘भोंदू’ हा नेमका शब्द आहे. ‘भोंदूबाबा’ म्हटलं की आरोप फसवणुकीचा आहे, मताचा नाही, हे लगेच कळतं.

हा शब्द धर्माबाहेर वापरता येतो का?
येतो. राजकीय पक्ष, साहित्य, विज्ञान, अर्थशास्त्र, जिथे जिथे ठरलेली मतं असतात तिथे तिथे. ‘त्या काळी डॉक्टरांनी हात धुवावेत असं म्हणणंही पाखंड होतं’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे.

कुणी मला पाखंडी म्हटलं तर काय समजायचं?
आधी विचारा, तुम्हाला ‘ढोंगी’ म्हणायचंय की ‘वेगळ्या मताचा’? ढोंगी म्हणत असतील तर पुरावा मागा: बोलणं आणि वागणं कुठे जुळलं नाही ते सांगा म्हणावं. वेगळ्या मताचा म्हणत असतील तर आणखी दोन प्रश्न उरतात: कोणत्या मतापेक्षा वेगळा, आणि ते मत मान्य आहे असं कुणी ठरवलं? दुसऱ्याला हा शब्द चिकटवण्याआधी हेच प्रश्न स्वतःलाही विचारावेत.